चोवीस तासांत खत? सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या यंत्रांची पारख

दिवसाला १०० किलो ओला कचरा जिरवायचा म्हणून सोसायटीने चौकशी सुरू केली की मुंबईत तीन प्रकारचा माल समोर येतो. पहिलं पूर्ण स्वयंचलित यंत्र: आज कचरा टाका, उद्या कोरडी तपकिरी भुकटी काढा. दुसरा प्रकार म्हणजे कचरा बारीक करून कालवणारं यंत्र, आणि सोबत खत मुरवायला जाळीदार क्रेट. तिसऱ्या प्रकारात विजेशिवाय चालणाऱ्या जाळीच्या पेट्या. माहितीपत्रकं वाचून तिघांतला फरक कळणं कठीण, कारण 'दुर्गंधीमुक्त' सगळ्यांवरच छापलेलं असतं. निकाल आधीच सांगून टाकायचा तर दीडशे-दोनशे घरांना दुसरा प्रकार घ्यावा, पन्नासेक घरांपर्यंत तिसरा. पहिल्याची गरज फार थोड्यांना असते आणि विकला मात्र सर्वांत जोरात तोच जातो.

यंत्राचा आकार ठरवताना विक्रेत्याच्या सूत्रावर जाऊ नका. घरटी अर्धा ते पाऊण किलो हा ढोबळ अंदाज ठीक आहे, म्हणजे १५० घरांना ७५ ते ११० किलो. पण मच्छी-मटणाचा रविवार, मे महिन्यातल्या कोयी आणि साली, गणपतीतलं निर्माल्य अशा दिवसांत हा आकडा सहज दीडपट होतो. लटकता काटा आणा आणि सलग आठ दिवस, रविवार धरून, वजन लिहा. ही नोंद नियमासाठीही लागते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना 'मोठे कचरा निर्माते' ठरवलं, आणि यात सुका कचराही धरला. त्याच वर्षी जानेवारीत देवनारचं १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड पेटलं होतं. पुढे महापालिकेने २०,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना आणि १०० किलोंवरच्या सर्वांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, त्याची मुदत होती २ ऑक्टोबर २०१७. त्या धावपळीत बरीच यंत्रं आकार, जागा, माणूस काहीच न ठरवता घेतली गेली.

स्वयंचलित यंत्र: आधी विजेचं गणित

घरगुती ओल्या कचऱ्यात ७५ ते ८० टक्के पाणीच असतं. १०० किलोंत ७८ किलो पाणी आणि २२ किलो कोरडा भाग धरू. २० टक्के ओलाव्याची भुकटी हवी असेल तर ती साधारण साडेसत्तावीस किलो भरेल, म्हणजे सुमारे ७२ किलो पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट वीज लागते, मग यंत्र कोणत्याही कंपनीचं असो. ७२ किलोंचे झाले ४५ युनिट. पाणी तापवायचे तीन-चार युनिट त्यात मिळवा. यंत्राच्या अंगातून जाणारी उष्णता आणि पातं फिरवणारी मोटर अजून हिशोबात नाही. तेव्हा दिवसाला ५० युनिट हा किमान आकडा समजा.

आता माहितीपत्रक काढून बघा. १०० किलोंच्या यंत्राला 'दिवसाला फक्त १५-२० युनिट' लिहिलं असेल, तर तीन शक्यता उरतात. यंत्र वाफेतली उष्णता परत वापरत असेल, तर तो भाग उघडून दाखवायला सांगा. बाहेर येणारा माल ओलाच राहत असेल. नाहीतर बरंचसं पाणी खालच्या नळीने गटारात जात असेल. तिसरी शक्यता बरीच आढळते, म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्राच्या मागे जाऊन ती नळी पाहा आणि तिच्यातून येणारं पाणी बादलीत मोजा.

युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला १५,००० रुपये नुसते पाणी उडवण्यात जातात. वर महिन्याचे १५०० युनिट म्हणजे आपल्या कोळशावरच्या ग्रिडमधून जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड. पर्यावरणासाठी घेतलेल्या यंत्राचा हा हिशोब वार्षिक सभेत कोणी मांडत नाही, कारण हे बिल लिफ्ट आणि पंपाच्या मीटरमध्ये मिसळून जातं. पहिल्या दिवसापासून यंत्राला वेगळा सबमीटर बसवा, वाद तिथेच मिटतो.

आणि इतकं करून जे मिळतं ते खत नसतं. खत होणं म्हणजे जिवाणूंनी अन्न खाऊन त्याचं रूपांतर करणं. त्याला आठवडे लागतात, कारण जिवाणूंना घाई करता येत नाही. तापवून आणि घुसळून चोवीस तासांत फक्त सुकवलेलं, बारीक केलेलं अन्न मिळतं. कोरडं असेतोवर त्याला वास येत नाही. कुंडीत घालून पाणी दिलं की त्याचं कुजणं तिथे, मुळांपाशी, सुरू होतं: पांढरी बुरशी, आंबट वास, चिलटं आणि पिवळी पडलेली तुळस. माळी मग 'खत गरम आहे' म्हणतो, आणि त्याचं निरीक्षण बरोबर असतं.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. विक्रेत्याच्या आधीच्या ग्राहकाकडून दोन मुठी भुकटी मागा. एक मूठ ओलसर करून पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. मातीचा वास आला तर खत, नासलेल्या वरणाचा आला तर सुकं अन्न. दुसरी मूठ तितक्याच मातीत मिसळून त्यात मेथीचे वीस दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत वीस. पाचव्या दिवशी दोन्हीकडचे कोंब मोजा. या दोन चाचण्यांना जो विक्रेता नाही म्हणतो, त्याच्याशी पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

बिघाडही ठरलेले आहेत. हीटर जळतो, कारण तळाला तेल-पिठाचा थर करपून उष्णता वर जाऊ देत नाही. शाफ्टचं सील गळतं आणि मग बेअरिंग जातं. वास शोषणारा कोळशाचा फिल्टर दमट हवेत लवकर भरतो, बदलला नाही तर वाफेचा वास थेट पहिल्या मजल्यावर. स्टील ३०४ दर्जाचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या जेवणातलं मीठ आणि आंबट वाफ मिळून त्यालाही बारीक खड्डे पाडतात, ३१६ जास्त टिकतं. वार्षिक देखभाल करारात हीटर, पाती, सील, फिल्टर 'वगळून' असं लिहिलेलं असेल, तर करारात उरलं काय?

जागाच नसलेल्या हॉटेलला किंवा मॉलला हे यंत्र चालेल, कारण १०० किलोंचे २७ किलो होतात आणि ते न कुजता दोन दिवस ठेवता येतात. भुकटी पुढे कुठेतरी मुरवायला पाठवायची, एवढं मान्य असेल तर घ्या. 'सुकवणारं यंत्र' म्हणून विकलं असतं तर तक्रार करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

कालवणारं यंत्र आणि क्रेट

इथे यंत्राचं काम थोडकं. पाच अश्वशक्तीची, म्हणजे ३.७ किलोवॉटची मोटर दिवसातून पाऊण तास चालते, त्याचे जेमतेम तीन युनिट. महिन्याला ९० युनिट, १० रुपयांच्या दराने ९०० रुपये. बाकीचं काम जिवाणू करतात. हे सगळं जमणं-न जमणं एका गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे ओलावा. आणि नेमकं इथेच विक्रेत्याचं प्रशिक्षण अर्धवट असतं.

बहुतेक जण सांगतात: १०० किलो कचऱ्याला १० किलो लाकडाचा भुसा. करून बघा: ७८ किलो पाणी, भुशातलं एक किलो, एकूण वजन ११० किलो. ओलावा ७२ टक्के! हवा आहे ५५ ते ६०. इतक्या ओल्या मिश्रणात हवा शिरत नाही, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि पाचव्या दिवशी तळमजल्यावरून तक्रारीचं पत्र येतं. नुसत्या भुशाने ६० टक्क्यांवर आणायचं तर ३५ किलो भुसा रोज लागेल, तो परवडत नाही. जमणारं प्रमाण असं: १०० किलो कचरा, १२ किलो कोरडा भुसा आणि आधीच्या बॅचचं ४० किलो सुकं खत (साधारण ३० टक्के ओलाव्याचं). याचा ओलावा बरोबर ६० टक्के येतो. जुन्या खतात जिवाणू असतातच, त्यामुळे महिन्याला घ्यायला लावतात त्या 'कल्चर'च्या पुड्या पहिल्या महिन्यानंतर बंद केल्या तरी काही बिघडत नाही. सुरुवातीला जुनं खत नसतं, तेव्हा तयार खताच्या पंधरा-वीस गोणी नर्सरीतून आणून ठेवा आणि पहिले काही आठवडे निम्म्याच कचऱ्यावर काम सुरू करा.

मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला पाहिजे. धार लागली तर भुसा वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाण्याचा शिपका द्या.

भुसा कुठला, हेही महत्त्वाचं. रे रोडच्या लाकूड वखारींतून किंवा जवळच्या आरा मशीनवरून साध्या लाकडाचा आणा. प्लायवूड, एमडीएफ कापणाऱ्या फर्निचरवाल्याकडचा फुकट मिळाला तरी नको, त्यात चिकटवायची रसायनं असतात. सोसायटीच्या आवारात पडणारा सुका पाला चुरून घातला तर भुशाचा खर्च बराच खाली येतो. उन्हाळ्यात तो गोण्यांत भरून ठेवावा. जाळायचा तर अजिबात नाही.

कालवलेला माल सुमारे ३०० लिटर भरतो, म्हणजे भाजीवाल्यांच्या मोठ्या जाळीदार क्रेटचे पाच-सहा. काठोकाठ भरू नका. दोन दिवसांत तो तापला पाहिजे. दोन फुटी दांड्याचा थर्मामीटर खुपसून बघा, ५५ अंश सेल्सिअस तीन दिवस टिकलं की रोगजंतू आणि माश्यांची अंडी मरतात. सुट्या क्रेटमधली उष्णता लवकर निघून जाते, म्हणून ते रॅकवर विखरून न ठेवता पहिले चार दिवस एकमेकांना चिकटवून ठेवावेत आणि कडेचे क्रेट मध्ये, मधले कडेला असे फिरवावेत. दर तिसऱ्या दिवशी उपसून परत भरायचं. आठवड्यात माल खाली बसतो, तेव्हा दोनाचा एक क्रेट करायचा. पंधरा दिवसांनी क्रेट रिकामे करून माल आणखी पंधरा-वीस दिवस ढिगात मुरवायचा. हा शेवटचा टप्पा जागेअभावी गाळला जातो आणि मग 'खत चांगलं नाही' अशी कुरकुर सुरू होते. यंत्र, क्रेट, ढीग आणि चालायची वाट धरून २०० ते २५० चौरस फूट जागा लागतेच. एका कारच्या जागेत भागवता येईल असं कोणी म्हणालं तर जमिनीवर खडूने आखून दाखवायला सांगा.

वासावरून चूक ओळखता येते. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. उपसा आणि भुसा घाला. मुतारीसारखा झणझणीत वास म्हणजे मासळी-डाळीचं प्रमाण वाढलं, नत्र अमोनिया होऊन उडतंय. तिथेही उतारा भुसाच. पहिले दोन दिवस किंचित आंबट वास येणं साहजिक आहे, तो पाचव्या दिवशीही असेल तर ती बॅच ओली आहे.

पात्यांचा खरा शत्रू स्टीलचा चमचा. उष्ट्यासोबत तो घरोघरून येतो. विक्रेता लोहचुंबक लावून देतो, पण भांड्यांचं बरंचसं स्टील चुंबकाला चिकटतच नाही. म्हणून टेबलावर कचरा पसरून हाताने निवडण्याला पर्याय नाही. रबरी हातमोजे आणि लोखंडी पंजा द्या. शहाळी, करवंट्या आणि मोठी हाडं यंत्रात घालायचीच नाहीत. कोयी आणि मक्याची कणसं यंत्राला पेलत असतील तरच थोडी थोडी. पात्यांची धार गेली की कचरा कापला जात नाही, त्याचा लगदा होतो, आणि लगदा क्रेटमध्ये चिखलासारखा बसतो. तुकडे एक ते दोन इंचांचे हवेत. 'एकदम बारीक करतं' ही जाहिरात इथे तोट्याची आहे.

प्लास्टिकच्या बाबतीत सगळ्यात चिवट तुकडा कोणता, तर दुधाच्या पिशवीचा कापून टाकलेला कोपरा. निवडताना दिसत नाही, चाळणीतून निसटतो, बागेत वर्षानुवर्षं दिसत राहतो. कोपरा पिशवीला लटकता ठेवून कापा, अशी सूचना लिफ्टमध्ये लावा. शंभर घोषणांपेक्षा हिचा उपयोग जास्त.

पावसाळा

मार्चमध्ये सुरेख चाललेली व्यवस्था जुलैत बसते. हवेतच इतका दमटपणा असतो की क्रेट सुकत नाहीत आणि उघडा ठेवलेला भुसा स्वतःच ओला होतो. जूनच्या आधी तीन महिन्यांचा भुसा, म्हणजे अकराशे किलोंच्या आसपास, झाकणाच्या पिंपांत किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेल्या गोण्यांत पॅलेटवर भरून ठेवा. शेड वरून बंद, दोन बाजूंनी उघडी, आणि छप्पर निदान तीन फूट पुढे काढलेलं. एक साधा भिंतीवरचा पंखा रॅककडे तोंड करून लावला तर त्याचा फायदा महागड्या फिल्टरहून जास्त होतो. करड्या, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा खातात, घरात येत नाहीत. बारीक पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या घरमाशीच्या, म्हणजे वरचा थर तापलेला नाही. बोटभर जाडीचं सुकं खत वर पसरा.

घुशींसाठी शेडच्या तळाला अर्धा इंच जाळी पुरते, लहान उंदरांना अडवायला पाव इंच. लाद्या ढाळ देऊन बसवा आणि गळणारं पाणी मलनिस्सारण वाहिनीला जोडा. प्लंबर जवळचं पावसाळी गटार दाखवेल. ते नाल्यातून समुद्रात जातं, तिथे जोडू देऊ नका. शेड अग्निशमन बंबाच्या वाटेत येणार नाही, हेही नकाशावर बघून घ्या. वीजजोडणीला स्वतंत्र आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग हवंच, कारण कामगार ओल्या हाताने बटण दाबतो.

माणूस आणि पैसा

स्वयंचलित यंत्राला माणूस लागत नाही, हा विक्रीचा मुख्य मुद्दा. तो खरा नाही. निवडायला आणि भरायला तिथेही माणूस लागतो, फक्त उपसण्याचे दीड-दोन तास वाचतात. क्रेटच्या पद्धतीला १०० किलोंसाठी दोन जणांचे रोज तीन तास धरा. विजेत महिन्याला वाचणारे १४,००० रुपये या मजुरीकडे वळवता येतात. पैसे तेच, पण एकीकडे ते वाफ होतात, दुसरीकडे कुणाच्या घरी जातात.

हे काम सोसायटीच्या सफाई कामगारावर पगार न वाढवता ढकलणं, हे व्यवस्था बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण. तिसऱ्या आठवड्यात तो उपसणं सोडतो आणि कुणाला कळतही नाही. त्यापेक्षा हे काम जाणणाऱ्यांना सेवा म्हणून द्यावं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने 'परिसर विकास' उपक्रमातून कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना खत आणि बायोगॅसच्या कामाचं प्रशिक्षण दिलं, त्यांच्या गटांनी अशी कामं चालवली. अशा गटाशी करार करताना महिन्याचे पैसे, सुट्टीच्या दिवशीची बदली, हातमोजे-बूट-धनुर्वाताचं इंजेक्शन आणि सुक्या कचऱ्यातल्या विक्रीचा हक्क कोणाचा, हे लिहून घ्यावं. सुका कचरा त्यांना दिला तर सेवेचा दर खाली येतो.

मालमत्ता करातल्या सवलतीबद्दल वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा खात्यात जरूर विचारा, पण ती जमेला धरून यंत्र घेऊ नका.

जाळीच्या पेट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हाच त्यांचा गुण. चारी बाजूंनी जाळी, साधारण एक घनमीटर आकार, मध्ये भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप. त्याहून लहान पेटी नीट तापत नाही. कचरा कोयत्याने ढोबळ चिरायचा, प्रत्येक थरावर पाला किंवा भुसा, आठवड्यातून एकदा ढवळायचं, दीड-दोन महिने थांबायचं. ३० किलोंच्या सोसायटीला तीन-चार पेट्या आळीपाळीने पुरतात. मोटर नाही, म्हणून बिघाडही नाही.

तयार मालाचं काय करायचं, ते आधी ठरवा. क्रेटसाठी वर दिलेल्या प्रमाणात रोज २५-२७ किलो निव्वळ खत उरतं, महिन्याला पाऊण टन. एवढं सोसायटीच्या बागेत दोन महिन्यांतच जास्त होतं. चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढून रहिवाशांना द्या, नर्सरीशी बोला, आसपासच्या रस्त्यांवरच्या झाडांच्या आळ्यांत घाला. विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशातले निकष लागू होतात: ओलावा १५ ते २५ टक्के, कर्ब-नत्र प्रमाण २० च्या खाली, पीएच ६.५ ते ७.५, क्षारता दर मीटरला ४ डेसिसायमनपर्यंत (हे विद्युतवाहकतेचं एकक). आपल्याकडचा माल बहुधा क्षारतेवर अडकतो, कारण शिजलेल्या अन्नातलं मीठ कुठे जात नाही. कुंडीत वापरताना एक भाग खताला तीन भाग माती घेतली की अडचण येत नाही.

खरेदीच्या कागदावर तीन अटी घाला. सबमीटरवर मोजलेली वीज सांगितलेल्या आकड्याहून १० टक्क्यांपेक्षा जास्त आली तर यंत्र परत. पात्यांचा एक जास्तीचा संच आणि बेल्ट पहिल्याच दिवशी सोसायटीच्या ताब्यात. आणि किमतीचा शेवटचा चौथा हिस्सा सप्टेंबर संपल्यावर, पावसाळ्यातली एक बॅच पिशवीच्या आणि मेथीच्या चाचणीत उतरली तरच. शेवटच्या अटीवर घासाघीस होईल. थोडी सूट सोडावी लागली तरी ती अट सोडू नका.